अंतःस्तर की अस्तर?

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी प्रबंधाच्या मराठी सारांशाला ‘एन्डोथेलियल पेशींचा जैवसामग्रीला प्रतिसाद’ असं नाव दिलं (जैवसामग्री म्हणजे शरीरात बसवायचं साहित्य, इथे कृत्रिम रक्तवाहिनी). मार्गदर्शक म्हणतात, ‘अंतःस्तर पेशी’ लिहा. आईला दोन्ही कळत नाही. मग सोपा शब्द कोणता? आणि ‘प्रतिसाद’ बरोबर की ‘प्रतिक्रिया’?

माझं मत आईच्या बाजूला. शब्द आहे अस्तर.

‘अंतःस्तर’ चूक नाही, पण तो आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात आणि त्यांतल्या आतल्या थराला तोच शब्द लागतो. एन्डोथेलियम म्हणजे त्या थराचाही रक्ताला भिडलेला, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा पदर. मूळ शब्द तरी कुठे नेमका आहे? शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६५ मध्ये तो ‘एपिथेलियम’वरून बेतला, आणि त्यातल्या ग्रीक ‘थेले’चा अर्थ स्तनाग्र. शब्दशः मराठी करायला बसलात तर पंचाईतच!

अस्तर फारसीतून आलं आणि शिंप्याच्या दुकानापुरतं राहिलं नाही. भिंतीवर चुन्याचं अस्तर असतं. जायकवाडीच्या पट्ट्यात कालव्याचं अस्तरीकरण आणि शेततळ्याचं प्लास्टिक अस्तरीकरण हे शब्द न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी आहेत. अस्तर कशाला, तर पाणी मुरू नये, वाहतं राहावं. रक्तवाहिनीचं अस्तरही प्रवाह राखतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतात, त्यामुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या कणिका, भिंतीला चिकटत नाहीत.

म्हणून रक्तवाहिनीच्या जागी बसवलेल्या कृत्रिम नळीला आतून या पेशींचा पदर चढण्याला, ज्याला प्रयोगशाळेत ‘एन्डोथेलियलायझेशन’ म्हणतात, ‘अस्तरीकरण’ हा आयता शब्द आहे. फरक एवढाच की कालव्याचं अस्तर कंत्राटदार टाकतो, हे मात्र पेशींनी स्वतः धरावं लागतं. कलम जीव धरतं तसं नळी अस्तर धरते. क्रियापद ‘धरणे’च ठेवा, अर्धं काम तेच करतं.

हे धरणं सोपं नाही. कृत्रिम रक्तवाहिनीचं डेक्रॉन म्हणजे रसायनाने आपल्या शर्टाचं टेरिलीनच. महाधमनीसारख्या रुंद वाहिनीत ते चालतं, पण सहा मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त साकळून ती बुजते. माणसाच्या शरीरात अस्तर, नळी मूळ वाहिनीला शिवलेली असते त्या जोडापासून, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतं आणि थबकतं. मधली नळी उघडीच राहते. कारण पेशी कोऱ्या टेरिलीनला धरत नाही. आधी रक्तातली फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं पृष्ठभागावर बसतात, मग पेशी आपल्या इंटिग्रिनांनी, म्हणजे पृष्ठभागावरच्या पकड घेणाऱ्या रेणूंनी, त्या प्रथिनांना पकडते. पकडीला तीन अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो (अर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल), हे १९८४ मध्ये स्पष्ट झालं. तेव्हापासून तो तुकडाच पृष्ठभागावर डकवून पेशींना थारा देण्याची खटपट चालली आहे. एकदा धरलं आणि रक्त वाहू लागलं की पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, ओढ्याकाठचं गवत आडवं होतं तशा. पण नुसतं अस्तर असून भागत नाही. पेशी बिथरली तर तीच प्लेटलेटना बोलावणारे रेणू बाहेर काढते.

आता ‘प्रतिसाद’. ‘साद’ हा ‘शब्द’पासून आलेला, म्हणजे हाकेला दिलेली ओ. अस्तरपेशी चिकटली, पसरली, वाढली, तर तो प्रतिसाद. शरीराने नळीला परकी ठरवून दाह उठवला, तर ती प्रतिक्रिया. दोन्ही एकाच प्रबंधात येतील, फक्त अदलाबदल करू नका. खरं तर शीर्षकात दोन्ही नकोत: ‘कृत्रिम रक्तवाहिनीवर अस्तरपेशी कशा वागतात’ हे आईलाही वाचता येईल. (टेरिलीनमध्ये ‘जैव’ काय, हा वाद ‘जैवसामग्री’वर होऊ शकतो. पण शब्द रुळला आहे, राहू द्या.)

मार्गदर्शकांना कापडाचा वास खटकत असेल तर त्यांना ‘ऊती’ची आठवण द्या. तो ‘वे’ म्हणजे विणणे या संस्कृत धातूपासून आलेला, ‘ओतप्रोत’मधल्या ‘ओत’चा भाऊ. ‘टिश्यू’ही मुळात विणलेलंच. विणलेल्याला अस्तर लावायला हरकत कसली? तरीही ते अडून बसलेच, तर पहिल्या पानावर एकदा कंसात ‘अंतःस्तर’ लिहा आणि पुढे अस्तरच चालवा.