आर्क्टिक, ऋक्ष आणि आपलं अस्वल

प्रश्न असा आलाय की आर्क्टिकला मराठीत सरळ 'उत्तर ध्रुव' म्हटलं तर चालतं का, आणि दक्षिणेला अंटार्क्टिका आहे तर उत्तरेला 'आर्क्टिका' का नाही.

पहिल्याचं उत्तर, नाही चालत. उत्तर ध्रुव हा एक बिंदू आहे, तोही भर समुद्रात. आर्क्टिक म्हणजे त्याच्याभोवतीचा अख्खा पट्टा, साधारण 66.5 अंश उत्तर अक्षांशाच्या वरचा, ज्यात तो महासागर तर आलाच शिवाय ग्रीनलंड, रशिया, कॅनडा, अलास्का, नॉर्वे यांचे मोठाले भाग आले. आपलं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, आर्क्टिकमध्येच, पण तिथून ध्रुव आणखी 1,200 किलोमीटर, म्हणजे विमानाने मुंबई-दिल्ली जेवढं तेवढं. तरी बातमीत बिनधास्त 'उत्तर ध्रुवावरील भारतीय केंद्र' छापून येतं.

आता जे मला खरंच खटकतं ते. लोक 'आर्टिक' म्हणतात. एसी लोकलमध्ये जरा गारठा वाटला की 'अंटार्टिका झालंय नुसतं', राणीबागेत पेंग्विनच्या काचेसमोर आई पोराला सांगतेय 'हे आर्टिकमधले हां बाळा'. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत हो, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचा बर्फाशीच संबंध नाही, आणि आर्क्टिकमध्ये तर पेंग्विन नावालाही सापडत नाही. पण प्राण्याचं एक वेळ सोडा, तो मधला 'क' का गिळता? कुणी म्हणेल जुन्या इंग्रजीतही 'आर्टिक' असंच म्हणायचे. म्हणत असतील, त्यांनी फ्रेंचकडून मोडका शब्द उचलला होता आणि पुढे त्यांनीच तो 'क' परत आणून बसवला. आपल्याला तर तो 'क' गमावणं अजिबात परवडणारं नाही कारण सगळी गंमत त्या 'क्ट' मध्येच आहे.

ग्रीकमध्ये आर्क्तोस म्हणजे अस्वल. संस्कृतात ऋक्ष म्हणजे अस्वल, रामायणातला जांबवान ऋक्षराज तो याच अर्थाने. आर्क्तोस आणि ऋक्ष हे एकाच आईचे, कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. आणि ग्रीक 'क्त' समोर संस्कृत 'क्ष' ही जोडी योगायोग नव्हे, ग्रीक तेक्तोन म्हणजे सुतार आणि आपला तक्षन् म्हणजेही सुतारच (भूगोलाच्या पुस्तकातल्या टेक्टॉनिक प्लेट्स त्या तेक्तोनवरून). 'आर्टिक' म्हटलं की हे नातंच तुटतं.

आणि क्विझमध्ये हमखास सांगतात की आर्क्टिक म्हणजे 'अस्वलं असलेला प्रदेश' आणि अंटार्क्टिक म्हणजे 'अस्वलं नसलेला', तेही साफ चूक. ग्रीकांच्या डोळ्यासमोर पांढरं अस्वल नव्हतंच, आकाशातलं होतं, म्हणजे आपले सप्तर्षी. ते ज्या दिशेला दिसतात ती आर्क्टिक, आणि 'अंटि' म्हणजे तिच्या समोरची. आपल्याकडेही हेच, शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. दोन भाषांनी एकाच तारकांना एकाच शब्दाने हाक मारावी, मला याच्याइतकं सुंदर काही वाटत नाही.

आता मराठीत या, कारण माझ्या मते खरी मजा इथे आहे. ऋक्षाचा प्राकृतात रिच्छ झाला, त्यावरून हिंदीत रीछ आणि जुन्या मराठीत रीस. पण त्याच ऋक्षाचा 'अच्छ' असाही अवतार झाला, पालीत अच्छ म्हणजे अस्वलच. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, अस्वलाची नावं देताना 'ऋक्षाच्छभल्लभल्लूकाः' असं येतं, त्यातला अच्छभल्ल नीट बघा. मराठीत च्छ चा स किंवा श होतो हे मासा (मच्छ), वासरू (वच्छ), माशी (मच्छिआ), ऊस (उच्छु) यांवरून कुणालाही पटेल. मग अच्छ चा आस, भल्ल मधल्या 'भ' चा हकार जाऊन वल, झालं आस्वल! गावाकडे अजून 'आस्वल' असंच दीर्घ म्हणतात आणि तेच जुनं रूप, लिहिताना आपण 'अस्वल' केलं. तेव्हा आर्क्टिकमधला 'आर्क्' आणि अस्वलातला 'अस्' एकच. 'आर्क्टिकमधलं अस्वल' म्हणताना तुम्ही एकच शब्द दोनदा उच्चारता.

इथे कुणीतरी लोकमान्यांना आणणारच, तर तेही बोलून टाकतो. आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये होतं असं मांडणाऱ्या 1903 च्या ग्रंथात टिळकांनी ऋग्वेदातल्या 'अमी य ऋक्षा निहितास उच्चा' या ओळीचा आधार घेतलाय, की ऋक्ष 'उच्च' म्हणजे थेट डोक्यावर, आणि तसे ते ध्रुवाजवळच दिसणार, सबब ऋषी तिकडचे. टिळकांचा व्यासंग मान्य, हा अर्थ मान्य नाही. 'उच्च' म्हणजे उंच, डोक्यावर हा अर्थ त्यात ओतलेला आहे. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन उत्तरेला बघा, मुंबईच्या 19 अंशांवरूनसुद्धा सप्तर्षी चांगले उंच असतात, मग ऋग्वेद जिथे रचला गेला असं मानतात त्या पंजाबातून काय दिसत असतील. शिवाय पुढचे शब्द वाचा ना, 'नक्तं ददृश्रे कुह चिद्दिवेयुः', रात्री दिसले ते दिवसा गेले कुठे? हा प्रश्न रोज रात्र आणि रोज दिवस बघणाऱ्या माणसाला पडतो, महिनोन्महिने न मावळणारे तारे बघणाऱ्याला नाही. अर्धी ऋचा घेऊन अख्खा देश उत्तरेला हलवता येत नाही.

हां, 'आर्क्टिका' राहिलं. ते शेवटचं 'आ' लॅटिन वळणाचं, आफ्रिका, अमेरिका यांच्यासारखं भूमीच्या नावाला लागतं. दक्षिणेला खंड आहे म्हणून तो अंटार्क्टिका, आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं त्या खंडावर, आणि भोवतालच्या समुद्रासकट सगळा प्रदेश सांगायचा तर अंटार्क्टिक. उत्तरेला मधोमध पाणी, खंडच नाही, मग 'आर्क्टिका' कुणाला म्हणणार? मराठीच हवं असेल तर 'उत्तर ध्रुवीय प्रदेश' लिहा, त्यातला 'ईय' आणि 'प्रदेश' मात्र खाऊ नका, आणि बोलताना आर्क्टिक म्हणा, क सकट.