शाळा म्हणते समेट करा. मुलीला काढून आणू का?

‘शाळेत मुलीला चिडवतात आणि शाळा समेट करा म्हणते, मग तिला तिथून काढूनच आणावे का?’ हा प्रश्न पालक माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत घेऊन येतात. शाळा कॅथलिक संस्थेची असेल, तर त्याला आणखी एक शंका जोडलेली असते. आमच्या लेकराला फादरसमोर उभे करून काही कबूल करायला लावतील का, अशी ती शंका. पुढील अनुभव बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबाचा आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत.

मुकादमाकडून उचल घेऊन आईवडील दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्याच्या फडावर जात, आणि नववीतील मुलगी सिस्टरांच्या वसतिगृहात राहून शिकत असे. वर्गातील एका मुलीने तिला ‘कोयता’ हे नाव पाडले. ते बाकावर कोरले गेले, जेवणाच्या रांगेत ऐकू येऊ लागले, आणि एके दिवशी हिने त्या मुलीची प्रयोगवही फाडून टाकली. त्याच सुमारास ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होता. या काळात शाळेत दरवर्षी एक कार्यक्रम होतो. आपसांत बिनसलेल्या मुलांनी सर्वांसमोर एकमेकांचा हात हातात घ्यायचा, असे त्याचे स्वरूप. हिने हात पुढे केला नाही, तेव्हा मुलगी उद्धट झाली आहे, असे वडिलांना फोनवर कळवण्यात आले.

वडिलांनी फडावरून मला विचारले, “मॅडम, लेकीला घेऊन येऊ का? कुणापुढं हात जोडायला लावू नका तिला.” या बोलण्यात दोन वेगळ्या भीती एकत्र झाल्या होत्या, आणि त्या सुट्या केल्याशिवाय सल्ला देणे धोक्याचे होते. नववीत शाळा सुटलेल्या ऊसतोड घरातील मुलीपुढे बहुधा फड किंवा लवकरचे लग्न एवढेच उरते. त्यामुळे ‘काढून आणणे’ हा येथे निरुपद्रवी उपाय नव्हता.

धर्माविषयीची भीती लवकर दूर झाली. पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करून क्षमा मिळवण्याचा, संस्कार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीला चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसारच देता येत नाही. शिवाय राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाचे कलम २८(३) सांगते. शाळेचा कार्यक्रम उपासनेचा नव्हता, हे सिस्टरांनी वडिलांना फोनवर स्वतः समजावून सांगितले आणि त्यांना ते पटले.

दुसरी भीती खरी होती. सर्वांसमोर हात मिळवायला लावला, म्हणजे दुखावलेल्या मुलीने वेळापत्रकाप्रमाणे माफ करावे अशी अपेक्षा झाली, आणि ही अपेक्षा मला मान्य नाही. वागणूक बदलण्याची सक्ती शाळा करू शकते, करायलाही हवी. मनातून राग जाण्याची सक्ती कोणालाच करता येत नाही. वसतिगृहाच्या सिस्टरांशी बोलताना मी मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा आधार घेतला. वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे तेथे सांगितले आहे. चालत जाण्याचे काम तेथे ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याकडे दिलेले आहे. सिस्टरांना हा उतारा माझ्यापेक्षा अधिक परिचित होता, आणि कार्यक्रमात पहिले पाऊल भलत्याच मुलीकडून मागितले गेले, हे त्यांनी लगेच मान्य केले.

चिडवणारी मुलगी गंगापूर तालुक्यातील एका गावातल्या कॅथलिक घरातली होती. पापनिवेदन करून आल्यामुळे प्रकरण मिटले, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. ती तेथे काय बोलली हे मी विचारले नाही. ते विचारायचेच नसते, कारण ऐकणाऱ्या धर्मगुरूलाही ते कधीच उघड करता येत नाही. मात्र कॅथलिक धर्मशिक्षणाप्रमाणे पापक्षमा मिळाली तरी शेजाऱ्याचे नुकसान शक्य तेवढे भरून देणे बाकी राहते, आणि त्यात बदनामी केलेल्याचे नाव पूर्ववत करणेही येते. हे मी सांगितले असते तर तिला उपदेश वाटला असता. शाळेच्या फादरांनी नेहमीच्या तासाला ते सर्व वर्गाला उद्देशून सांगितले, आणि त्याचा परिणाम झाला.

यानंतर मी दोघींना वेगवेगळे भेटत राहिले. आमच्या मुलीला ‘सॉरी’ नको होते. तिला बाकावरचे नाव घासून काढलेले हवे होते, आणि जेवणाच्या रांगेत हसणाऱ्यांनाही कोणीतरी विचारावे असे वाटत होते. ही दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटली, कारण टोपणनाव एक जण पाडतो, पण ते टिकवतो वर्ग. वर्गशिक्षकांनी वर्गाशी याविषयी सविस्तर बोलून घेतले. बाक चिडवणाऱ्या मुलीने सँडपेपरने घासला. फाडलेल्या प्रयोगवहीची पाने आमच्या मुलीने पुन्हा लिहून दिली, कारण तिच्याकडूनही नुकसान झालेले होते आणि ते तिने नाकारलेही नाही. हे सर्व झाल्यावर, दोघींनीही होकार दिला तेव्हाच, मी त्यांना एकत्र बसवले. भेट थोडक्यात आटोपली.

हा मार्ग प्रत्येक प्रकरणाला लागू नाही. लैंगिक स्वरूपाचा त्रास, मारहाण, धमकी किंवा एखाद्या प्रौढाचा सहभाग असेल, तर समेटाची बैठक घेऊच नये. लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे, आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. शाळा असे प्रकरण क्षमेच्या नावाखाली मिटवत असेल, तर मुलीला तेथून काढणेच योग्य, मग ती शाळा कोणत्याही संस्थेची असो.

या प्रकरणात तसे काही नव्हते. दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. एकमेकींशी कामापुरते बोलतात, आणि शाळेने त्याहून अधिक मागितलेले नाही. प्रायश्चित्तकाळातील कार्यक्रमात आता हात मिळवण्याऐवजी, ज्याला एखादी भरपाई करायची आहे त्याने ती वर्गशिक्षकांना खासगीत लिहून द्यावी, अशी पद्धत ठेवली आहे. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर परत आलेल्या वडिलांनी दहावीसाठी वसतिगृहाचा अर्ज भरला, आणि भरण्यापूर्वी त्यांनी मुलीला विचारले, हे त्यांनी मला आवर्जून सांगितले.