एक फेज गेला तरी फेज फेल्युअर रिले ट्रिप का होत नाही?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) शेडमध्ये १० एचपीची मोटर, पॅनेलमध्ये फेज फेल्युअर रिले (फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण), तरीही चालू मोटरचा एक फेज गेला आणि रिले ट्रिप न होता मोटर जळली, असं तुम्ही लिहिलंय. रिले खराबच असेल असं नाही.

चालती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. लोड कमी असेल तर ते ९० टक्क्यांच्या आसपासही राहतं. पॅनेलवरचे तिन्ही दिवे लागलेले दिसतात आणि नुसतं व्होल्टेज आहे का, एवढंच बघणारा रिले फसतो. अनबॅलन्स (तीन फेजच्या व्होल्टेजमधली तफावत) किंवा निगेटिव्ह सिक्वेन्स (त्या तफावतीतून येणारा उलट्या क्रमाचा भाग) ओळखणारा रिले घ्या.

पण आधी सेन्सिंगच्या, म्हणजे रिलेला व्होल्टेज दाखवणाऱ्या, तीन वायरी कुठून काढल्यात ते बघा. बहुतेक पॅनेलांत त्या कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) वर, सप्लायच्या बाजूला असतात. खाली कॉन्टॅक्टरचा एक कॉन्टॅक्ट जळाला किंवा मोटरच्या टर्मिनल बॉक्समधला लग (वायरच्या टोकाचा जोड) सैल झाला, तर रिलेला तिन्ही फेज ठणठणीतच दिसणार. तिथे सीटीवाला (करंट ट्रान्सफॉर्मरवाला), करंट बघणारा रिलेच हवा.

मोटर अजून रिवाइंडिंगला उघडलेली असेल तर कॉइल काढायच्या आत बघून या. १० एचपीची कॉइल-जोडणी बहुधा डेल्टा (त्रिकोणी) असते, दुसरा प्रकार स्टार. एकाच फेजच्या कॉइल काळ्या आणि बाकी दोन स्वच्छ असतील तर मोटरच्या लाइनचाच फेज गेला होता. स्टारमध्ये दोन काळ्या, एक स्वच्छ. तिन्ही सारख्या काळ्या म्हणजे ओव्हरलोड, नाहीतर मोटर थंड करणारा पंखा बिघडलेला.

पावसाळ्यात ११ केव्हीचा एक डीओ (ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला की चित्र वेगळं. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमुळे, मोटर बंद असताना, न्यूट्रलशी एक फेज २४० आणि दोन साधारण १२० दाखवतात. त्या दोघांत मोजलं तर जवळपास शून्य. म्हणून फेज-टू-फेज मोजायचंच.

सेटिंगसाठी आधी रोजचा अनबॅलन्स काढा. समजा ४१५, ४१०, ३९० आले. सरासरी ४०५, सरासरीपासून सर्वात मोठा फरक १५, म्हणजे ३.७ टक्के. करंटमधला फरक याच्या सहा ते दहा पट होतो, त्यामुळे हेही कमी नाही. आधी लोड तिन्ही फेजवर नीट वाटा, मग रिलेचं सेटिंग उरलेल्या अनबॅलन्सच्या थोडं वर ठेवा. डिले (ट्रिप होण्याआधीचा थांबा) ४-५ सेकंद पुरतो.

बंद मोटरचा फ्यूज काढून केलेली टेस्ट काहीच सांगत नाही. मेन बंद करून मोटरच्या लाइनमध्ये, कॉन्टॅक्टरच्या खाली, तात्पुरते तीन सिंगल पोल एमसीबी लावा, मोटर हलक्या लोडवर चालवा आणि एक पाडा. डिलेच्या वेळेत ट्रिप झाला नाही तर लगेच स्टॉप दाबा.