१९५५ सालच्या कथेत १९५५ चीच गाणी हवीत का?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपला लघुपट १९५५ सालच्या पुण्यात, सदाशिव पेठेतील एका वाड्यात घडतो. ऐकू येणारे प्रत्येक गाणे त्याच वर्षातले असावे, असा संकलकांचा आग्रह आहे. दिग्दर्शकांना मात्र १९५८ सालचे एक गाणे प्रसंगाला चपखल वाटते आहे आणि तीन वर्षांचा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही, असे ते म्हणतात. मी गेली पंचवीसेक वर्षे जुन्या तबकड्या जमवतो आहे आणि नाटकांसाठी त्या त्या काळाचे संगीत निवडून देण्याचे काम अधूनमधून करतो. माझे मत या दोघांशीही पूर्ण जुळत नाही. कथेचे वर्ष ही वरची मर्यादा धरावी. त्यानंतरचे काहीही पात्रांच्या कानावर पडू नये, त्याआधीचे मात्र भरपूर पडावे.

हे सारे पात्रांना ऐकू येणाऱ्या संगीताविषयी आहे, म्हणजे रेडिओ, तबकडी, देवघरातील आरती, रस्त्यावरून जाणारा बँड यांच्याविषयी. जे फक्त प्रेक्षकाला ऐकू येते त्या पार्श्वसंगीताचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. त्याकडे नंतर येतो.

संकलकांचा आग्रह काटेकोर दिसतो, पण त्यातून उभा राहणारा वाडा खोटा असेल. १९५५ मध्ये सत्तरीला पोचलेली आजी डोळ्यांपुढे आणा. 'स्वयंवर' १९१६ साली आणि 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा ती तिशीत होती. तिच्या ओठांवर काही असेलच तर ते बालगंधर्वांचे पद असेल, नाहीतर लहानपणापासून म्हटलेली एखादी ओवी किंवा भूपाळी. तिचा मुलगा ऐन विशीत असताना 'प्रभात'चे 'कुंकू' आणि 'माणूस' हे चित्रपट आले, त्यामुळे गुणगुणताना त्याला तीच गाणी सुचतील. चालू वर्षाची गाणी खरोखर ऐकतो तो फक्त महाविद्यालयात जाणारा नातू. शिवाय तबकडी ही जपून ठेवण्याची वस्तू होती. नवी आली म्हणून जुनी कोणी टाकून देत नसे. आपल्या वाड्यात ग्रामोफोन दाखवणार असाल, तर शेजारच्या पेटीत तीस वर्षांच्या तबकड्या असायला हव्यात आणि त्यांत ताज्या फार तर दोनतीन. आरत्या, भोंडल्याची गाणी, पहाटेचा वासुदेव यांना तर सालच नसते, आणि वाड्यातील दिवसाचा बराच भाग त्यांनीच व्यापलेला असे.

मर्यादा मात्र पक्की पाळावी, आणि आपण निवडलेल्या वर्षात तर ती आठवड्यापर्यंत पाळावी लागेल. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत या क्रमाने ५६ गीते १९ एप्रिल १९५६ पर्यंत प्रसारित झाली. गदिमांचे काव्य आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेला हा कार्यक्रम ऐकायला लोक रेडिओ असलेल्या घरी जमत, कित्येक जण रेडिओला हार घालत, असे त्या पिढीतील अनेकांनी सांगितले आहे. १९५५ चे पुणे दाखवताना याला वळसा घालणे कठीण आहे, आणि घालूही नये. पण कोणत्या महिन्यात कोणते गीत, हे पाहावेच लागेल. 'पराधीन आहे जगती' हे राम भरताला समजावतो त्या प्रसंगाचे गीत आहे, म्हणजे दशरथाच्या मृत्यूनंतरचे. तेव्हा एप्रिल महिन्यातल्या दृश्यात ते कोणी गुणगुणत असेल, तर साल बरोबर असूनही ती चूकच आहे. एप्रिलच्या वाड्याने तोवर जेमतेम चारपाच गीते ऐकलेली होती. पुढच्या आठवड्यात काय येणार याची जी ओढ त्या श्रोत्यांना होती, ती आज सगळी गीते एका बैठकीत ऐकणाऱ्या आपल्याला सहज जाणवत नाही, आणि एखादे पात्र ती ओढ नुसत्या एका वाक्यात बोलून गेले, तरी ते वर्ष पडद्यावर जिवंत होईल.

यात आणखी एक बारकावा आहे. आज सर्वत्र ऐकू येते ते फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रण. ते नंतरचे आहे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या गायकांनी वेगवेगळ्या पात्रांची गीते गायली होती. नंतरचे मुद्रण १९५५ च्या रेडिओतून वाजवले, तर गाणे त्या वर्षाचे आणि आवाज पुढच्या काळातला, असे होईल. अशा वेळी गीत रेडिओवर न वाजवता, काल ऐकलेले धृपद घरातील कोणी चुकतमाकत म्हणते आहे असे दाखवणे मला अधिक सच्चे वाटते.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तिने मला तारखेपलीकडे पाहायला शिकवले. एका हौशी संस्थेच्या नाटकात १९४४ सालचे घर होते आणि रेडिओवर शास्त्रीय गायन चालू असल्याचा प्रसंग होता. गायन मी त्याआधीच्या तबकडीवरूनच निवडले होते, राग वेळेला धरून होता, आणि मी निर्धास्त होतो. प्रयोगानंतर एक वृद्ध सारंगीवादक मला भेटले आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "त्या वर्षी रेडिओवर पेटी कशी वाजली?" आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सैल झाली थेट १९७१ मध्ये. मी निवडलेल्या तबकडीत साथीला पेटी स्पष्ट ऐकू येत होती. घरातल्या ग्रामोफोनवर ती तबकडी सर्वस्वी योग्य ठरली असती. रेडिओवरच्या बैठकीसाठी ती अशक्य होती. ज्यांच्या उमेदीची वर्षे त्या बंदीच्या काळात आकाशवाणीच्या नोकरीत गेली, त्यांना तो पेटीचा सूर किती खटकला असेल, हे मला आजही टोचते. आपल्या १९५५ च्या रेडिओलाही हीच बंदी लागू आहे.

तेव्हापासून मी गाण्याच्या सालाआधी एक वेगळाच प्रश्न विचारतो: हे गाणे या घरात कोणत्या वाटेने आले? १९५५ मध्ये आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारसा थारा नव्हता. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे ती जवळजवळ हद्दपार झाली होती, आणि विविध भारती सुरू व्हायला ऑक्टोबर १९५७ उजाडायचा होता. तेव्हा आपल्या नातवाला हिंदी चित्रपटगीते ऐकायची असतील, तर तो रेडिओ सिलोन लावील आणि बुधवारी रात्री 'बिनाका गीतमाला' चुकवणार नाही. या वाटेचा परिणाम थेट ध्वनीवर होतो. पुण्याचे केंद्र मध्यम लहरींवर असल्यामुळे स्वच्छ ऐकू येई. सिलोनचा आवाज लघुलहरींवरून येत असल्यामुळे मध्येच खोल जाई, पुन्हा वर येई, आणि त्यात खरखर मिसळे. रेडिओ व्हॉल्व्हचा होता, म्हणून कळ फिरवताच आवाज येणार नाही. दिवा लागेल, व्हॉल्व्ह तापतील आणि मग सूर हळूहळू उमटेल. हे काही क्षण संकलनात कापू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ग्रामोफोनवर एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते आणि चावी उतरू लागली की सूरही उतरतो. आजची धुऊनपुसून स्वच्छ केलेली डिजिटल प्रत तशीच दृश्याखाली लावली, तर साल बरोबर असूनही प्रेक्षकाच्या कानाला ती आजचीच वाटते. त्यापेक्षा ते गाणे खरोखरच्या खोलीत लहान ध्वनिक्षेपकावर वाजवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन ठेवून पुन्हा मुद्रित करावे. खर्च फारसा येत नाही.

तीन वर्षे कोणाच्या लक्षात येतील, या दिग्दर्शकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, काही गाण्यांच्या बाबतीत तीन महिनेही लक्षात येतात. 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत लता मंगेशकर यांनी दिल्लीत पहिल्यांदा जाहीरपणे गायले ते २७ जानेवारी १९६३ रोजी, म्हणजे चीनबरोबरचे युद्ध थांबल्यानंतर दोन महिन्यांनी. युद्ध चालू असताना सैनिकाच्या घरी हेच गीत ऐकू येते असे दाखवले, तर शोक आधी आणि ज्याचा शोक तो पराभव नंतर, असा उलटा क्रम होतो. आपले १९५८ चे गाणे इतके एखाद्या घटनेशी बांधलेले नसेल, हे मान्य आहे. तरीही ते पात्राला ऐकू येऊ नये असेच मी म्हणेन, कारण ज्याला ते गाणे प्रिय आहे त्याला ते कधी आले हेही पुष्कळदा आठवत असते, आणि हा लघुपट नेमका त्याच प्रेक्षकासाठी आपण करत आहात.

मग ते गाणे सोडूनच द्यायचे का? तसे नाही. पार्श्वसंगीत आणि श्रेयनामावलीवरचे संगीत यांना ही मर्यादा लागू होत नाही, कारण ते त्या वाड्यात वाजतच नसते. कथा सांगणारा ते आजच्या काळातून ऐकवत असतो. शेवटचे दृश्य संपून नावे सुरू झाल्यावर ते गाणे लावले, तर वाड्यातील माणसांचे पुढचे आयुष्यच ऐकू आल्यासारखे होईल, आणि तिथे तीन वर्षे पुढे असणे हेच त्याचे बळ ठरेल. पार्श्वसंगीतात वाद्ये कोणती घ्यावीत हा रुचीचा प्रश्न आहे. मला स्वतःला अशा घरावर सिंथेसायझरचा सलग थर नको वाटतो, पण त्याला मी चूक म्हणणार नाही.

नव्याने बांधलेली चाल हाही एक मार्ग आहे, आणि मराठीत त्याचे फार सुंदर उदाहरण आहे. 'अमर भूपाळी' या १९५१ सालच्या चित्रपटाची कथा पेशवाईच्या उतरत्या काळातील शाहीर होनाजीची. त्याच्या नावावर चालत आलेल्या 'घनश्याम सुंदरा' या भूपाळीला वसंत देसाई यांनी चाल दिली आणि पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांनी ती गायली. ती चाल पेशवाईतली नाही, तरी कित्येक घरांत आज ती परंपरेने आलेली म्हणूनच गायली जाते. देसाईंनी कोणत्याही विशिष्ट सालाचा दावा केला नव्हता. भूपाळीची वेळ, तिचे शब्द आणि लोकांच्या कानात मुरलेला सूर एवढे त्यांनी सांभाळले. आपल्याकडे चांगला संगीतकार असेल, तर वाड्यातील आजीसाठी अशी एखादी चाल बांधून घ्यायला हरकत नाही.

आणि हीच भूपाळी आपल्या कथेला तशीही उपयोगी पडेल. १९५५ मध्ये ती चार वर्षांची जुनी होती, म्हणजे तबकडी घरात येऊन पुरेशी झिजलेली. पहाटेच्या दृश्यात शेजारच्या खणातून ती ऐकू येऊ द्या, तीन मिनिटांनी थांबू द्या, आणि कोणीतरी उठून पिन बदलून बाजू पुन्हा लावते आहे एवढा आवाज पुढच्या संवादाखाली राहू द्या.