श्वास पूर्ण मिनिटभर मोज

अगं, तुझा मेसेज वाचला, ओपीडीत खोकल्याचे पेशंट एकदम इतके येतात की कोणाला आधी आत पाठवायचं तेच कळत नाही म्हणतेस. रांगेचा नंबर बाजूला ठेव आणि दारातून येणाऱ्या माणसाकडे बघ. चालताना थांबतोय का, बोलताना वाक्य तुटतंय का, हात गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकून बसलाय का, एवढं नाव विचारता विचारता दिसतं.

श्वास मात्र पूर्ण 60 सेकंद मोजायचा. अंदाजे 18 नाहीतर 20 लिहून टाकायचं नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण सगळ्या केसपेपरवर तोच आकडा दिसला की समजायचं कोणी मोजलेलंच नाही. मोठ्या माणसाचा शांत बसलेला असताना 12 ते 20 असतो, 25 किंवा वर गेला की डॉक्टरांना लगेच हाक मार. बाळ 2 महिन्यांच्या आतलं असेल तर 60, पुढे वर्षाचं होईपर्यंत 50, मग 5 वर्षांपर्यंत 40, इतके किंवा जास्त भरले तर श्वास जलद. अगदी तान्ह्याचे 60 आले तर परत एकदा मोज. रडताना, दूध पिताना नको, आईच्या मांडीवर शांत होऊ दे, अंगातलं वर कर, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का तेही बघ.

ऑक्सिमीटरवर सगळी भिस्त ठेवू नकोस, बोटं गार असली, नेलपॉलिश असलं की चुकतो, सावळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतो. मी नवीन होते तेव्हा दम्याच्या एका पेशंटला 93 बघून बाकावर बसवलं, छातीतली शिट्टी ऐकू येत नव्हती म्हणून मला वाटलं उतरलाय दम, आणि खरं तर हवाच आत जात नव्हती. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचला. तेव्हापासून दम्याचा पेशंट गप्प बसलेला दिसला की मी आधी त्याच्याकडे जाते.

खोकणाऱ्याला आल्या आल्या मास्क दे, मोकळ्या हवेत वेगळं बसव. खोकला 2 आठवडे किंवा जास्त असेल तर टीबीचं डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि एकदा बघितलं म्हणजे झालं असं नाही, बाकावरच्यांकडे मधून मधून परत चक्कर मार.

डॉक्टरांना सांगताना "पेशंट बरा वाटत नाहीये" एवढंच नको, "श्वास 32 आहे, वाक्य पूर्ण होत नाही" असं सांग, ते हातातलं काम सोडून उठतील. रांगेतले चिडतील, त्यांना शांतपणे सांग की ह्यांना श्वास घेता येत नाहीये, बहुतेक जण बाजूला होतात.