मुठीत मिटलेला डावा हात

प्रिय ताई,

तिसाव्या आठवड्यात जन्मलेली तुमची लेक आता १४ महिन्यांची आहे, एमआरआयमध्ये तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या श्वेतद्रव्याला इजा दिसली आहे आणि डावा हात ती मुठीत मिटूनच ठेवते, असे तुम्ही पंचवटीहून कळवले आहे. लहान मुलाचा मेंदू ओल्या मातीसारखा असतो, आपोआप भरून येईल, असे सासूबाई म्हणतात. म्हणून थांबावे का, हा तुमचा प्रश्न.

थांबू नका, ताई. श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूचे निरोप वाहून नेणारे तंतू, आणि त्यांचा नष्ट झालेला भाग पुन्हा उगवत नाही. मात्र जन्माच्या सुमारास प्रत्येक हाताकडे मेंदूच्या दोन्ही बाजूंचे तंतू गेलेले असतात, आणि पहिल्या दोनेक वर्षांत त्यांच्यात चढाओढ चालते: जे वापरात राहतात ते टिकतात, बाकीचे मागे हटतात. त्यामुळे एरवी मेंदूच्या उजव्या बाजूकडे असणारा तिच्या डाव्या हाताचा कारभार डावी बाजूही सांभाळू शकते. पण तशा हाताला बोटांची बारीक कामे सहसा नीट जमत नाहीत, आणि एक हात हलवला की दुसराही नकळत तसाच हलतो. उजव्या बाजूचे जे तंतू वाचले आहेत, त्यांना आत्ताच काम मिळायला हवे ते यासाठी.

सगळे उजव्या हाताने घेते याचे घरात कौतुक झाले, असे तुम्ही लिहिता. एवढ्या लहान वयात मूल एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हाताची तपासणी करायची असते. एका हाताने उघडणार नाही असा झाकणाचा स्टीलचा डबा तिच्यापुढे ठेवा; पोळ्या लाटताना तुमच्या देखत कणकेचा गोळा डाव्या हातात द्या, पण मूठ ओढून उघडू नका. उजवा हात काही वेळ मोज्यात ठेवण्याचा उपचारही आहे, तो मात्र थेरपिस्टच्या सांगण्यावरूनच करा. डोळेही तपासून घ्या, कारण दृष्टीचे तंतू याच भागातून जातात.

ती चाळीसऐवजी तिसाव्या आठवड्यात जन्मली, म्हणून तिची प्रगती मोजताना वयातून दहा आठवडे वजा करा. त्या हिशेबाने ती अजून वर्षाचीही नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चौकशी याच आठवड्यात करा.

गरोदरपणी जिने चढल्याने हे झाले का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. नाही, ताई. २४ ते ३२ आठवड्यांत या तंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशी फार नाजूक असतात, आणि तुमची लेक नेमक्या त्याच दिवसांत जन्मली.