प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला ऑटोइम्यून आजार कसा होऊ शकतो?

तुमचा प्रश्न असा आहे: पुतण्या नऊ वर्षांचा. चौथ्या वर्षापासून सारखा न्यूमोनिया, कान फुटणं. तपासणीत आयजीजी (रक्तातल्या जंतूविरोधी अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) कमी निघालं. आता अंगावर काळेनिळे डाग, प्लेटलेट घसरलेल्या, आणि डॉक्टर म्हणतात हे ऑटोइम्यून आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय. मग त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे की जास्त? यावर संशोधन काय चाललंय? आणि घरी गुळवेलीचा काढा सुरू आहे तो चालू ठेवायचा का?

काढ्याचं आधी सांगते, कारण ते आजच करता येईल: बंद करा आणि दिला होता हे डॉक्टरांना सांगा. कारण पुढे लिहिलंय.

मी डॉक्टर नाही. मुंबईत फ्लो सायटोमेट्रीच्या (रक्तातल्या पेशी एकेक करून यंत्रावर तपासण्याच्या) कामात आहे, अशा मुलांच्या रक्ताच्या नळ्या रोज हाताखालून जातात. त्यामुळे औषध कुठलं, किती, हे मला विचारू नका. आजार कसा चालतो आणि तपासणी कशी होते एवढं नीट सांगू शकते.

‘कमी की जास्त’ या प्रश्नातच घोळ आहे. शरीर बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) आणि टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या, इतर पेशींना चालवणाऱ्या) बनवतं तेव्हा कुठला जंतू पुढे येणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून ते अगणित प्रकारच्या पेशी बनवून ठेवतं. त्यांत स्वतःच्याच प्लेटलेटला, थायरॉइडला, सांध्यांना धरणाऱ्या पेशीही निघतात, प्रत्येकाच्या शरीरात निघतात. त्या वेळेवर गाळून टाकणं आणि गाळणीतून सुटलेल्यांना आवरून धरणं हेही प्रतिकारशक्तीचंच काम. जंतूंशी लढणं आणि हे आवरणं यांत बरीच जनुकं सामाईक आहेत. त्यांतलं एखादं बिघडलं की दोन्ही कामं एकदम बिघडतात. म्हणून तुमच्या पुतण्याचं चित्र विचित्र वाटलं तरी विरळा नाही. फ्रान्समधल्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या 2183 रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये आला. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या या रुग्णांपैकी 26 टक्क्यांना कधी ना कधी ऑटोइम्यून किंवा दाहाचा त्रास झालेला होता. प्लेटलेट किंवा लाल पेशी स्वतःच नष्ट करण्याचा धोका तर सर्वसामान्य लोकांच्या किमान 120 पट. कमी आयजीजी आणि घसरलेल्या प्लेटलेट ही जोडी दिसली की आमच्याकडे कोणी दचकत नाही, फक्त तपासण्यांची यादी लांबते.

त्या यादीत सीटीएलए-4 आणि एलआरबीए ही जनुकांची नावं बहुतेक दिसतील (त्यांपासून बनणाऱ्या प्रथिनांनाही तीच नावं), म्हणून ती समजून घ्या. सीटीएलए-4 हा टी पेशींचा ब्रेक. टी पेशीला चेतवणारे जे रेणू दुसऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात, ते हा ब्रेक अक्षरशः ओढून आत घेतो आणि संपवतो. हे काम मुख्यतः नियामक टी पेशी (इतर पेशींना आवरणाऱ्या) करतात. 2014 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी माणूस आजारी पडू शकतो: प्लेटलेट घसरतात, आतड्याला आणि फुप्फुसांना सूज येते, आणि हळूहळू बी पेशी कमी होऊन आयजीजीही खाली येतं. एलआरबीएचा आजार 2012 मध्ये कळला होता. तो बराचसा असाच दिसायचा, पण का ते कळत नव्हतं. 2015 मध्ये उलगडा झाला: पृष्ठभागावरून आत गेलेला सीटीएलए-4 परत वर पाठवायचा असतो, आणि तोवर त्याला पेशीतल्या विल्हेवाटीपासून वाचवणं हे एलआरबीएचं काम. एलआरबीए नसलं तर ब्रेक बनतो, पण आतल्या आत मोडीत जातो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. जो रेणू या मुलांत कमी पडतो, जवळपास तोच औषध म्हणून आधीच बाजारात होता. अबाटासेप्ट हे सीटीएलए-4 च्या बाहेरच्या भागापासून बनवलेलं औषध, अमेरिकेत 2005 पासून संधिवातासाठी मान्य. म्हणजे कारण सापडलं त्या दिवशी उपाय कपाटात तयार होता, आणि अनेक मुलांना त्याचा फरक पडला. याची उलटी बाजूही बघा. कॅन्सरवर 2011 पासून वापरात असलेलं इपिलिमुमॅब हा ब्रेक मुद्दाम बंद करतं, आणि ते घेणाऱ्यांना आतड्याची सूज, थायरॉइडचा बिघाड असे नेमके ऑटोइम्यून त्रास होतात. एकच रेणू, दोन टोकांची औषधं. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, नक्की कुठली वाढवू?

उलट दिशेनंही हे घडतं, ऑटोइम्यून दोषामुळे प्रतिकारशक्ती लंगडी पडते. कोविडमध्ये 2020 साली अत्यवस्थ असलेल्या 987 रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा 101 जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. विषाणूविरुद्धचं पहिलं हत्यार त्यांच्याच रक्तानं बोथट केलं होतं.

प्रत्यक्ष यंत्रावर हे कसं दिसतं त्याचं एक उदाहरण देते. आजार तुमच्या पुतण्याचा नाही, वेगळा आहे. सीजीडी नावाच्या आजारात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. तपासणीत पेशींना डिवचून रंग घालतो. निरोगी माणसाच्या पेशी उजळतात आणि पडद्यावरचा उंचवटा उजवीकडे सरकतो. आजारी मुलाचा उंचवटा जागचा हलत नाही. मग आईची नळी लावतो, आणि एक्स गुणसूत्रावरचा प्रकार असेल तर बहुतेक वेळा दोन उंचवटे येतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, म्हणून तिच्या काही पेशी मुलासारख्या आणि काही निरोगी. त्या आईला जंतुसंसर्गाचा त्रास बहुधा नसतो. पण उन्हात गेलं की चेहऱ्यावर चट्टे, तोंडात फोड, ल्यूपससारखी (ल्यूपस हा त्वचा, सांधे, मूत्रपिंडं धरणारा ऑटोइम्यून आजार) लक्षणं अशा वाहक स्त्रियांत पुष्कळ आढळतात. मुलाच्या फायलीत आईच्या चट्ट्यांबद्दल ओळसुद्धा नसते, कारण विचारतं कोण? मी नळी घेताना विचारते.

तुम्हीही घरात विचारा. सीटीएलए-4 चा बदल एका पालकाकडून येऊ शकतो आणि तो पालक ठणठणीत असू शकतो, किंवा त्याला नुसता थायरॉइड, कोड, सोरायसिस असं काही असतं. एलआरबीएमध्ये दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, त्यामुळे आईवडील नात्यातले असतील तर शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करणं काही नवीन नाही. समुपदेशनात हे विचारलं की लोक उगाच ओशाळतात आणि ‘लांबचे आहेत’ म्हणतात. खरं सांगा, त्यावरून जनुकाच्या अहवालाचा अर्थ बदलतो. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. पुढे प्रथिनाची तपासणी आणि आईवडिलांचे नमुने लागतात.

आता वेळेचा मुद्दा, याकडे हमखास दुर्लक्ष होतं. पुतण्याला आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या दात्यांच्या अँटिबॉडी) द्यायचं ठरलं असेल तर आधी रक्त काढून ठेवायला सांगा. ती बाटली हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून आलेली असते. एकदा दिली की आयजीजीचा आकडा त्याचा राहत नाही, दात्यांचा होतो, आणि अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासण्या फसव्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. रिटुक्सिमॅब दिलं तर बी पेशी महिनोन्‌महिने पुसल्या जातात, मग बी पेशींचे प्रकार मोजायला आम्हाला काही उरतच नाही. जिवाला धोका असेल तर अर्थातच आधी औषध. पण दोन नळ्या काढायला पाच मिनिटं लागतात. नळी शक्यतो शनिवारी पाठवू नका, आणि सोबत एका निरोगी माणसाची नळीही त्याच डब्यातून येऊ द्या. ती का? नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पेशी मलूल असतील तर दोष मुलाच्या पेशीत आहे की एसटीच्या प्रवासात, हे त्या दुसऱ्या नळीवरून कळतं.

आयव्हीआयजी दोन्ही आजारांना कसं चालतं, हाही प्रश्न तुम्हाला पडेल. आयजीजी भरून काढायला दर तीन-चार आठवड्यांनी लहान मात्रा. प्लेटलेटसाठी मोठी मात्रा. ही दुसरी गोष्ट कळली तीच तुमच्या पुतण्यासारख्या मुलामुळे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथं प्लेटलेटचा आजार असलेल्या एका मुलाचं आयजीजी औषधांमुळे खाली गेलं होतं. ते भरायला आयव्हीआयजी दिलं, तर प्लेटलेट वर आल्या. मग पॉल इम्बाख यांनी इतर मुलांना देऊन पाहिलं आणि 1981 मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जगभर तो उपचार आहे.

संशोधन असंच या मुलांच्या मागून चालत आलंय. 1952 मध्ये ऑग्डन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (रक्तातला अँटिबॉडींचा भाग) नाहीच, हे दाखवलं. 1993 मध्ये त्या आजाराचं जनुक सापडलं, बीटीके. ते नसेल तर बी पेशी तयार होत नाहीत. मग त्यालाच अडवणारी औषधं आली, आधी रक्ताच्या कॅन्सरसाठी, आणि 2025 मध्ये अमेरिकेत रिल्झाब्रुटिनिबला प्रौढांच्या प्लेटलेट आजारासाठी मान्यता मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल नियामक टी पेशींच्या शोधासाठी ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं. त्यातला फॉक्सपी3 या, नियामक टी पेशी घडवणाऱ्या जनुकाचा धागा आजारी उंदरांपासून निघून तान्हेपणीच ऑटोइम्यून आजारांनी घेरलेल्या मुलग्यांपर्यंत पोचला होता. जर्मनीत एर्लांगेनला ल्यूपसच्या रुग्णांवर कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा उपचार) वापरून बी पेशी साफ पुसून पाहिल्या जातायत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेली आपली कार-टी 2023 मध्ये मान्य झाली, पण ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. पुतण्यासाठी कोणी ती विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तप्रतिरक्षाशास्त्र संस्था आहे, जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर तिथं बरीच वर्षं काम चालतं. उत्तरेकडे चंदीगडचं पीजीआय हे सरकारी रुग्णालय. डॉक्टरांचं पत्र आणि जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा, डिस्चार्ज कार्डंसुद्धा.

गुळवेलीचं राहिलं. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे मिळाले की ज्यांच्या यकृताला ऑटोइम्यून धाटणीची इजा झाली होती आणि सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल असं म्हटलं. वाद असू द्या. ज्या मुलाचा आवर आधीच सुटलाय त्याला चेतवणारं काही देऊन बघण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आणि एक. औषधांनी प्लेटलेट चढेनात म्हणून कोणी प्लीहा (पोटातला, रक्त गाळणारा अवयव) काढायचं सुचवलं, तर होकार देण्याआधी आयजीजी कमी असल्याचा रिपोर्ट त्या डॉक्टरांच्या समोर ठेवा. प्लीहा नसलेल्या माणसाला रक्तात जंतू पसरण्याचा धोका जन्मभर राहतो, आणि ज्याच्याकडे अँटिबॉडी आधीच अपुऱ्या आहेत त्याला तर फारच. जनुकाचा अहवाल येईपर्यंत थांबता येईल का, एवढं नक्की विचारा.